खिळ्यावरची चुंबळ

सकपाळकाकांनी कुठल्याही चिपच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान आधी वाचलं, असं कधी झालं नाही. पहिल्या पानावर स्थळाचा फोटो असतो, असं त्यांचं म्हणणं. मुलगा गोरा, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट. चिप बनवणारी कंपनी माहितीपत्रकाबरोबर आणखी एक कागद काढते, तो सहसा कोणी मागत नाही. ही चिप कुठे कुठे चुकते, ते त्यात कंपनीनेच कबूल केलेलं असतं. काका आधी तो कागद मागायचे. त्याला ते आजारपणाचा कागद म्हणत. तो छापून घ्यायचा, एकेका दुखण्याखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि मग समोरच्याला विचारायचं, हे दुखणं आपल्या घरात चालेल का? चालणार असेल तर मग पहिलं पान. एखाद्या चिपला असा कागदच नसला तर आम्हाला आनंद व्हायचा आणि काकांना काळजी वाटायची. त्यांच्या मते त्याचा अर्थ एवढाच, की तिला अजून कोणी नीट वापरलेलं नाही.

काकांना जाऊन आता दीड वर्ष झालं. आमच्या कारखान्यात नवी चिप निवडायची वेळ आली की अजूनही कोणीतरी पेन्सिल शोधायला लागतं.

कारखाना म्हणायला, पण माणसं सातच. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पंपांची नियंत्रणं करतो. भिंतीवर बसणारं खोकं, आत एक पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, पाटीवर मायक्रोकंट्रोलर. नखाएवढा संगणकच तो. पंप कधी लावायचा, कधी थांबवायचा, हे तो ठरवतो. मी महाडचीच, पुण्यात शिकले, तिथे तीन वर्षं नोकरी केली आणि लग्नानंतर लोक जातात त्याच्या उलट दिशेने परत आले. आले तेव्हा मालकांनी ओळख करून दिली, "हे शांताराम सकपाळ. आयटीआय केलेले आहेत, पण त्यांचं ऐका." त्यातल्या 'पण'चा मला तेव्हा राग आला नव्हता. पुढे आला.

काका पोलादपूरहून रोज एसटीने यायचे. मुंबईत सव्वीस वर्षं मोजमापाची यंत्रं दुरुस्त करून, बायको गेल्यावर एकटेच गावाकडे परतून पोलादपूरला राहत होते. अंगात बाहेर सोडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उजव्या कानामागे पेन्सिल, डब्यात नाचणीची भाकरी. चहा बशीत ओतून पिताना ते बोलायचे नाहीत, आणि दुसऱ्या कोणी बोललेलंही त्यांना चालायचं नाही. मला पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणत. मी चारदा सांगितलं की मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे. त्यावर ते म्हणाले, "माझी मुलगी पाट्या नाय बनवत." म्हणजे 'मॅडम' हा मान होता की अंतर, ते मला बराच काळ कळलं नाही.

त्यांच्या परीक्षा भलत्याच असत. नवी पाटी तयार झाली की आम्ही ती यंत्रावर तपासायचो, आकडे लिहायचो, खूश व्हायचो. काका ती उचलून पश्चिमेच्या खिडकीत ठेवायचे. ती खिडकी जुलैभर उघडी. महाडच्या जुलैत कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे ती बिचारी पाटी महिनाभर चालू स्थितीत पडून राहायची. याला ते सासुरवास म्हणत. ऑगस्टमध्ये जुन्या दात घासायच्या ब्रशने ती पुसायची आणि बघायचं, अजून नांदते का. निम्म्या माहेरी परत यायच्या.

एकदा पुण्याहून चिपा विकणारा एक तरुण आला होता. टाय लावलेला, हातात रंगीत पुस्तिका. त्याने तासभर वेग सांगितला, स्मरणशक्ती सांगितली. काकांनी शेवटी दोनच गोष्टी विचारल्या. हिचं धाकटं भावंड कधी येणार, कारण ते आलं की थोरलीकडे तुमचं लक्ष राहणार नाही. आणि जेवायच्या सुट्टीत तुमच्याकडे फोन कोण उचलतं. तरुण हसला. काकांनी त्याच्यासमोरच त्याच्या कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. वाजून वाजून बंद झाला. मग डबा उघडून त्यांनी त्या तरुणालाच आपल्यातली अर्धी भाकरी दिली. पुढे चिपांचा दुष्काळ पडला, वर्षवर्ष माल मिळेना, तेव्हा भारीतल्या चिपा घेऊन बसलेले कारखाने थांबले आणि आमचा चालू राहिला, कारण काकांनी निवडलेली जुनी, साधी चिप प्रत्येक दुकानाच्या तळाच्या खणात पडलेली असायची.

पण त्यांची खरी सवय वेगळी होती. खोकं जिथे बसणार असेल तिथे आधी जाऊन ते बसायचे. नुसते बसायचे, डबा घेऊन, एक-दोन दिवस. वसाहतीतल्या एका सांडपाण्याच्या पंपघरात आमची खोकी वर्षाला एक या हिशेबाने गंजत होती. सगळ्यांनी रसायनांना दोष दिला. काका पावसात दोन दिवस तिथे बसले आणि परत येऊन म्हणाले, खोक्याचं वरचं झाकण उतरतं करा. झालं होतं एवढंच, की रात्रपाळीचा रखवालदार आपला ओला रेनकोट खोक्यावर वाळत घालायचा, कारण त्या अख्ख्या पंपघरात तेवढीच एक गोष्ट कोमट होती. काका त्याला काहीच बोलले नाहीत. बिचाऱ्याने कोट दुसरीकडे कुठे टाकावा? झाकण उतरतं झालं, कोट घसरायला लागला आणि काकांनी स्वतःच्या हाताने त्याला शेजारी एक खुंटी ठोकून दिली.

या कामांची त्यांची एक लाल पुठ्ठ्याची लांब वही होती. एका कामाला एक पान, आणि पानाच्या तळाला पेन्सिलने काढलेला लहानसा चौकोन. पंप सुरू झाला, गिऱ्हाईक खूश झालं, तरी त्या चौकोनात खूण होत नसे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस मशीन विसरला, की काम झालं." रखवालदाराच्या पानावर खूण होती. कित्येक पानं कोरीच होती.

तर, अशा माणसाच्या स्वतःच्या वाडीचं काम आमच्याकडे आलं.

वाडी पोलादपूरजवळच्या उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर. पंचवीसेक घरं, त्यातली निम्मी शिमग्याला आणि गणपतीला उघडणारी. झरा खाली, चांगला अर्ध्या तासाच्या उतरणीवर, घरं वर. बायका पिढ्यान् पिढ्या डोक्यावर दोन हंडे घेऊन ती चढण चढत आलेल्या. वाडीच्या मुंबईकर मंडळाने झऱ्यापाशी पंप आणि वर शाळेशेजारी टाकी बांधायचं ठरवलं. मंडळाचा सेक्रेटरी संतोष, काकांचा पुतण्या. त्याची एक अट होती: टाकीत पाणी किती आहे ते मुंबईत मोबाइलवर दिसलं पाहिजे. शाळेत नुकतं इंटरनेट आलेलं होतं. शाळेतून टाकीखालच्या खोलीपर्यंत तार ओढायची, संगणकाला जोडतात तीच, इथरनेटची. म्हणजे आम्हाला इथरनेट जमणारा मायक्रोकंट्रोलर निवडायचा होता. काका ऐकून एवढंच म्हणाले, "टाकी बघून तहान भागते काय रे?" संतोष म्हणाला, "काका, फीलिंग असते."

मालकांनी ते काम मला दिलं. माझं पहिलं स्वतंत्र काम. पाटी मी काढणार, चिप मी निवडणार.

निवडायचे मार्ग तसे दोनच. एक, इथरनेट पोटातच असलेली मोठी चिप घ्यायची. सगळं एका घरात, पाटी लहान, दिसायला देखणी. दुसरा, पंपासाठी साधी लहान चिप आणि तारेचं बोलणं सांभाळायला शेजारी दुसरी वेगळी चिप. काकांचा कल दुसरीकडे. एकत्र कुटुंबाचं कौतुक आपल्याला सांगू नका, असं ते म्हणाले. मी पहिल्या मार्गाच्या बाजूने तीन पानी तुलना लिहिली. वेग, जागा, भविष्यात काय काय जोडता येईल. माझी चिप नवी होती आणि तिचा आजारपणाचा कागद जेमतेम अर्ध्या पानाचा होता. काकांनी तो वाचला, माझी तीन पानं वाचली आणि एकच प्रश्न विचारला.

"तार नसली, तर हा काय करतो?"

मी म्हटलं, तार असणारच की, आपण ती भिंतीला पक्की ठोकणार आहोत. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल कानामागे ठेवली आणि म्हणाले, "बरं, मॅडम."

मला वाटलं, मी जिंकले.

पावसाळा संपता संपता खोकं बसलं. पाणी वर आलं. वाडीत त्या दिवशी शिरा झाला. टाकीखालच्या खोलीची किल्ली हिराकाकींकडे दिली. हिराकाकी म्हणजे काकांची थोरली वहिनी, संतोषची आई. साठी उलटलेली, लहान चणीची, खणखणीत बाई. मुंबईत संतोषच्या मोबाइलवर निळी पट्टी दिसायला लागली, आणि तो तिथून आईला फोन करून सांगायला लागला की टाकी भरत आली. ती म्हणायची, "मी टाकीखालीच उभी हाय रे, मला दिसतंय."

दिवाळीच्या सुट्टीत फोन आला. पाणी तीन दिवस बंद. काका आणि मी मालकांची गाडी घेऊन निघालो. गाडी वाडीखाली थांबते, पुढे पायवाट. आम्ही त्या वाटेला लागलो तेव्हा आमच्या पुढे हिराकाकी वर चढत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, त्यावर कळशी. मी पुढे होऊन कळशी घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, राहू दे, तोल जाईल. त्यांच्या मागे मागे, त्यांच्या टाचांकडे बघत मी सगळी चढण चढले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही.

वर पोचल्यावर त्यांनी हंडा उतरवला, टाकीखालची खोली उघडली, आणि जुन्या लुगड्याची ती ओली चुंबळ सहज माझ्या खोक्यावर ठेवली. काकांनी ती उचलून भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. मग त्यांनी वहिनीला विचारलं, काय काय झालं ते सांग. घाई नाही, पहिल्यापासून.

ती सांगत गेली. परतीच्या पावसाच्या विजा कडाडायला लागल्या. तिने नेहमीप्रमाणे अंगणात कोयता टाकला. त्या भागात वीज चमकायला लागली की लोखंड बाहेर टाकतात, म्हणजे वीज घर सोडून त्याच्यावर जाते म्हणतात. मग घरातली सगळी बटणं काढली, टीव्हीची वायर उपटली, आणि इथे येऊन खोक्याचीही दोन्ही उपटली. विजेची आणि ती निळी, शाळेकडून येणारी. पाऊस सरल्यावर दोन्ही परत खोचली. तेव्हापासून खोक्याचा हिरवा दिवा नुसता लुकलुकतो आहे.

शाळेतही तेच झालं होतं. गुरुजींनी सुट्टीला जाताना तिथलं सगळं उपटून कुलूप लावलं होतं. म्हणजे निळी तार इकडून खोचलेली, पण तिकडे कोणीच नाही. आणि माझी चिप जागी झाल्यावर आधी तारेपलीकडे कोणी आहे का हे बघायची, आणि उत्तर येईपर्यंत पुढचं काही करायचीच नाही. चिपच्या कंपनीने दिलेला नमुन्याचा प्रोग्रॅम तसाच होता. मी तो जसाच्या तसा उचलला होता. माझ्या टेबलावरची तार कधी निघालेलीच नव्हती. तीन दिवस ती चिप शाळेच्या उत्तराची वाट बघत बसली होती, आणि वाडीतल्या बायका झऱ्यावर जात होत्या.

मी तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉपवर पाच ओळी बदलल्या. खाली पंप लागला, पाइपातून हवा निघाली, मग पाणी. मला रडू येत होतं ते मी दाबून धरलं होतं. काका शेजारी येऊन बसले.

"चूक तुझी नाय गो," ते म्हणाले. "लहानपणापास्नं मीच ह्या अंगणात कोयता फेकलाय. दुसऱ्यांच्या पंपघरात दोन-दोन दिवस बसलो, आनि माझ्याच वाडीत बसलो नाय. म्हटलं, आपलंच गाव, त्यात काय बघायचं."

मग म्हणाले, "आनि तुझं उत्तर मला पटलं नव्हतं. तरी गप बसलो. ती माझी दुसरी चूक."

त्या दिवसापासून 'मॅडम' गेली आणि 'गो' आलं. चूक केल्यावर मिळालेली बढती मी त्यानंतर कुठे पाहिलेली नाही.

मला वाटलं, पाच ओळींनी काम झालं. परत निघताना काकांनी वहिनीला सांगितलं, आता चुंबळ टाकून दे. ती म्हणाली, "राहू दे भावजी, खिळ्यावर. तुमचं मशीन शिकलेलं हाय, त्याचा काय नेम." काका हसले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "वयनी शेतावर असंल आनि वीज आली, तर तार कोण उपटणार?"

त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते मला आवडत नव्हतं. शाळेपासून खोलीपर्यंतची ती उघड्यावरची लांब तार. जवळपास वीज पडली तर तिच्यातून झटका येणार, आधी इथरनेटचा भाग जाळणार. आणि माझ्या देखण्या चिपच्या पोटातच तो भाग असल्यामुळे पंपाचं डोकंही त्याच्याबरोबर जाणार. एका घरात राहण्याचा हा अर्थ मी तीन पानांत कुठेच लिहिला नव्हता. काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, टाकावी तर वीज येणार नाही, पण तिथली वानरं कुठलीही तार सोडत नाहीत, आणि तुटलेली काच वाडीत कोण जोडणार?

मग आम्ही पहिल्यापासून निवड केली. या वेळी आधी वाडीत बसलो, मीसुद्धा, दोन दिवस. हिराकाकींनी दोन्ही दिवस कुळथाचं पिठलं खाऊ घातलं आणि माझ्याकडून वालाच्या शेंगा सोलून घेतल्या. मी काय बघितलं? त्यांना चष्म्याशिवाय बारीक दिसत नाही. बोटं जाड आहेत, पण चिमटीत जोर आहे. दिव्याचा रंग त्या लक्षात ठेवतात, अक्षरं नाही. या तीन गोष्टी कुठल्याही माहितीपत्रकात नव्हत्या, आणि चिप त्यांच्यावरून ठरली.

पंपाला तळाच्या खणातली जुनी, साधी चिप. तिला इंटरनेट नावाची गोष्ट असते हेच माहीत नाही. टाकी रिकामी, पंप चालू. टाकी भरली, बंद. इथरनेटची चिप वेगळी, एका छोट्या कार्डावर, आणि दोघींच्या मधे झटका ओलांडू शकणार नाही असा आडोसा. कार्ड चिमटीत धरून उपटायचं आणि दुसरं खोचायचं. उलटं बसूच शकत नाही. कार्ड जिवंत असलं तर निळा दिवा, मेलं तर दिवा नाही. काका म्हणाले, "जो भाग वीज खाणार, तो घराबाहेर ठेव." अंगणातला कोयताच तो, फक्त आम्ही त्याला कार्ड म्हणत होतो. हे मी बोलून दाखवलं तेव्हा काकांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी बशीत चहा ओतला.

शिमग्याच्या आधी नवं खोकं बसलं. पालखीला आलेल्या मुंबईकरांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. काकांनी चार जादा कार्डं एका स्टीलच्या डब्यात घालून, वर मिठाची पुरचुंडी ठेवून, डबा वहिनीच्या ताब्यात दिला. मीठ दमट हवा खातं. तिच्याकडून पाच वेळा कार्ड काढून-घालून घेतलं. मग मोठ्या आशेने खिळ्याकडे बघितलं.

"एक पावसाळा जाऊ दे," हिराकाकी म्हणाल्या.

पावसाळा गेला. पाणी एक दिवसही थांबलं नाही. त्या वर्षात काका दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून टाकीखालच्या खोलीत जायचे, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात आले की मी विचारायची, "आहे?" ते म्हणायचे, "हाय." बाकी बोलायची गरज नसायची. मालकांना वाटायचं आम्ही खोक्याबद्दल बोलतोय. लाल वहीतल्या वाडीच्या पानावरचा चौकोन कोराच राहिला. वाडीतल्या बाकी बायकांनी हंडे कधीच माळ्यावर टाकले होते, पण काकांना त्यांचं काही नव्हतं. त्यांना ती एक चुंबळ उतरायला हवी होती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून वहिनीने सगळ्या घराचं पाणी वाहिलेलं त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या आयटीआयच्या दोन वर्षांतलं पाणीसुद्धा. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. हिराकाकींनी सांगितलं, शेंगा सोलताना.

दिवाळीनंतर काकांचे गुडघे गेले. पोलादपूरच्या स्टँडवरची एसटीची पायरीसुद्धा चढवेना. डोंबिवलीची मुलगी येऊन घेऊन गेली. जाताना त्यांनी लाल वही बरोबर नेली आणि पेन्सिलींचा पेला माझ्या टेबलावर ठेवला. महिनाभराने त्यांचा फोन आला. आवाज जरा चोरटा. मुलीने मोबाइल घेऊन दिला आहे, त्यात संतोषने काहीतरी भरून दिलं आहे, आणि आता टाकी दिसते. मी विचारलं, "टाकी बघून तहान भागते का काका?" मग म्हणाले, "सकाळचा चहा तेवढा बरा लागतो गो."

वैशाखात एका दुपारी पुन्हा फोन. टाकी दिसत नाही. कालपासून दिसत नाही. मी हिराकाकींना फोन लावत राहिले, लागेना. वळिवाच्या विजा सगळ्या डोंगरावर झाल्याच्या बातम्या होत्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर ती पायवाट आणि त्या टाचा.

पायवाटेवर कोणी नव्हतं. वर हिराकाकी अंगणात तांदळाच्या फेण्या वाळत घालत होत्या. मला बघून त्या चकित झाल्या. म्हणाल्या, अगं, वीज पडली शाळेमागच्या आंब्यावर, आंबा उभा चिरला. मी तेव्हा खाली शेतात राबावर होते. येऊन बघितलं तर निळा दिवा नव्हता. मग डबा काढला, नवं कार्ड खोचलं, दिवा आला. मोबाइलचा टॉवरच गेलाय, म्हणून फोन नाही. आणि शाळेतलंही बंदच आहे, म्हणून मुंबईला दिसत नसेल. "पाण्याला काय झालंय? पाणी चालूच हाय."

जळकं कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं. एका कडेने काळं, वास येत होता. बाकीची पाटी जशीच्या तशी, जुनी चिप आपलं टाकी रिकामी-टाकी भरली करत बसलेली.

दुपारी टॉवर परत आला तसा मी डोंबिवलीला व्हिडिओ लावला. काका पडद्यावर आले. वाळले होते, दाढी वाढलेली, पण पेन्सिल कानामागे. मी त्यांना जळकं कार्ड दाखवलं. निळा दिवा दाखवला. टाकीचा नळ सोडून पाणी दाखवलं. ते "बरं, बरं" म्हणत राहिले. मग म्हणाले, "खिळा दाखव."

मी मोबाइल भिंतीकडे फिरवला. आणि तेव्हा माझ्याच लक्षात आलं. खिळा रिकामा होता.

"वयनी, चुंबळ कुठं हाय?"

हिराकाकींना आठवेना. खरंच आठवेना; त्या खोलीत बघून आल्या, ओटीवर बघून आल्या, आणि मग पडवीच्या कोपऱ्यातून त्यांनी हाक मारली. मी मोबाइल घेऊन गेले. तिथे उखळाशेजारी, जुन्या लुगड्याच्या त्या गोल चुंबळीत, एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. आम्हाला बघून तिने मान उंचावली आणि पिसं फुगवली.

"मीच दिली वाटतं तिला," हिराकाकी म्हणाल्या. "कवा दिली, ध्यान नाय."

काकांनी मुलीला काहीतरी सांगितलं, पडदा जरा हलला, आणि मग त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. ते खाली वाकले होते. मोबाइलवर आता फक्त त्यांच्या डोक्यावरचा पांढऱ्या केसांचा भोवरा होता, आणि त्याखाली लाल पुठ्ठ्याची कडा. कानामागची पेन्सिल कानामागे नव्हती. मी कोंबडीपुढे मोबाइल धरून उभी राहिले. पेन्सिलीचा एक छोटा आवाज आला. मग त्यांनी वही मिटली, आणि वर न बघताच हात हलवला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.